बेल्ह्यात फूड ट्रक टाकायचाय? गाडी घेण्याआधी सोमवारचं गणित मांडा

जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याचा सोमवारचा आठवडे बाजार पाहिला की कुणालाही वाटतं, इथं खाण्याची गाडी लावली तर पैसाच पैसा. बैलबाजारासाठी लांबून शेतकरी येतात, व्यापारी येतात, पोटात भूक असतेच. त्यात आळेफाट्याकडून अहिल्यानगरला जाणारा महामार्ग गावाजवळून जातो, बेल्हे-जेजुरी रस्ताही इथूनच सुरू होतो.

पण सोमवार महिन्यातून चार-पाच वेळाच येतो. बँकेचा हप्ता मात्र बाकीचे दिवसही धरून असतो.

म्हणून आधी गाडीची किंमत नाही, महिन्याचा खर्च काढायचा. उदाहरण म्हणून समजा, ४ लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजानं ५ वर्षांसाठी घेतलं. हप्ता येतो सुमारे ८,७०० रुपये. मदतनीसाचा पगार १२,००० धरा, डिझेल ४,००० आणि विमा, दुरुस्ती, जागेचं भाडं मिळून ३,३००. झाले २८,०००. धंदा चालो न चालो, हे द्यायचेच.

आता १०० रुपयांच्या ताटात किराणा, गॅस, पार्सलचा डबा यांवर ६० रुपये गेले तर हातात राहतात ४०. म्हणजे नुसता खर्च निघायलाच महिन्याला ७०० ताटं विकायला हवीत. फक्त चार सोमवारांवर भिस्त ठेवली तर एका बाजारात १७५ ताटं. महिन्यात २४ दिवस गाडी उभी राहिली तर रोजची साधारण ३०. यात मालकाची स्वतःची कमाई अजून धरलेलीच नाही. ती १५,००० धरली तर आकडा रोजच्या ४५ ताटांवर जातो.

हे आकडे प्रत्येकानं आपले घालायचे. पण त्यातून एक गोष्ट लगेच कळते, बाकीच्या दिवशी गाडी कुठं लावणार हे ठरल्याशिवाय गाडी घेण्यात अर्थ नाही. आजूबाजूच्या गावांचे बाजार वेगवेगळ्या वारी भरतात, चाकांचा खरा उपयोग तिथंच. २०२० मध्ये कोरोनामुळे आठवडे बाजार बंद झाले, २०२२ मध्ये लम्पी आल्यावर राज्यभर जनावरांचे बाजार थांबवले गेले. एकाच बाजारावर अवलंबून असलेल्यांचे तेव्हा हाल झाले.

मेन्यूवरून भांडी ठरतात. वडापाव-भजीला मोठी कढई, तेल आणि धूर बाहेर काढायची सोय लागते. याच भागाची ओळख असलेली मासवडी विकायची तर यंत्रं कमी, पण हात जास्त लागतात. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा यांचं सारण भरणं, वड्या पाडणं, सोबत रस्सा आणि बाजरीची भाकरी. भाकरी थापणाऱ्या बाईंचा पगार हाच त्या ताटातला मोठा खर्च. तो वाचवायला घरातल्या बाईला फुकट राबवून हिशेब जुळवणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

एकूण ६ लाख हाताशी असतील तर वाटणी साधारण अशी करता येईल: जुनी छोटा हत्तीसारखी गाडी आणि मागचं किचन ४.२५ लाख, शेगडी-भांडी-पाण्याची टाकी ६० हजार, कागदपत्रं आणि विमा ३० हजार. उरलेल्या ८५ हजारांना हात लावायचा नाही. वरचे महिन्याचे २८,००० तीनदा केले की ८४,००० होतात, म्हणजे ही तीन महिन्यांची शिदोरी. नवी चकचकीत गाडी घेण्याच्या नादात नेमकी हीच रक्कम उडते.

अनुदानाच्या भरवशावरही बजेट बसवू नये. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के अनुदान आहे. पण ते रोख हातात पडत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं, मग कर्जात वळतं होतं. शिवाय स्वतःचे १० किंवा ५ टक्के आधी घालावे लागतात.

कागदांचा खर्च तुलनेनं कमी आहे, दुर्लक्ष मात्र महागात पडतं. १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्याला अन्नसुरक्षा नोंदणी २०११ च्या नियमांत वर्षाला १०० रुपयांत ठेवलेली आहे. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. म्हणून फॅब्रिकेशनवाल्याला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी आरटीओत चौकशी करायची. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदा आहे, १९ किलोचा व्यावसायिकच घ्यावा लागतो. एक चालू, एक जादा, म्हणजे दोनाचं डिपॉझिट धरा.

बाजारात जागा आणि तिची फी ग्रामपंचायतीत विचारायची. महामार्गाच्या हद्दीत गाडी कायमची ठोकून बसलं तर २००२ च्या कायद्यानुसार ते अतिक्रमण ठरतं आणि हटवलं जाऊ शकतं. त्यापेक्षा रस्त्यालगतच्या एखाद्या शेतकऱ्याची किंवा पंपाची खासगी जागा भाड्यानं घ्यावी, आणि करार लेखी करावा.