काशीच्या विहिरींचे कठीण पाणी

कठीण (दुष्फेन) पाणी : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले, साबणाला सहज फेस येऊ न देणारे पाणी. वाराणसीतील विहिरी, हातपंप व बोअर यांचे पाणी बहुधा असेच असते.

याला कारण तिथली जमीन. घाटांच्या पायऱ्या चुनारच्या वालुकाश्माच्या. त्यातली सिलिका पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून दोष त्यांचा नव्हे. पण शहर ज्या उंच काठावर वसले, त्या जुन्या गाळात चुनखडीचे खडे, म्हणजे कंकर, भरपूर आहेत. उत्तर भारतात पूर्वी हेच भाजून बांधकामाचा चुना करीत. मातीतून झिरपणारे पावसाचे पाणी तिथला कार्बन डायऑक्साइड शोषते आणि सौम्य आम्लधर्मी होते. एरवी दाद न देणारे कॅल्शियम कार्बोनेट त्यात बायकार्बोनेट होऊन विरघळते. पाणी उकळले की हीच क्रिया उलटते: वायू निघून जातो, भांड्याच्या तळाशी पांढरा थर उरतो. हा तात्पुरता कठीणपणा. सल्फेट व क्लोराइड यांच्यामुळे आलेला कठीणपणा उकळून जात नाही.

असे पाणी साबण वाया घालवते, कारण साबणाचा कॅल्शियमशी संयोग होऊन चिकट साका तयार होतो. डाळीच्या पेशी जोडणारे पेक्टिनही कॅल्शियममुळे घट्ट होते. ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागात जुनी मराठी वस्ती आहे. तिथे विहिरीच्या पाण्यात तुरीचे वरण शिजायला वेळ लागतो, तो यामुळेच.

गंगेचे पाणी गढूळ दिसले तरी भूजलापेक्षा सहसा कमी कठीण असते. भदैनीला उपसलेले हे पाणी भेलूपूरच्या केंद्रात शुद्ध होते. तुरटीने गाळ बसतो, क्लोरीनने जंतू मरतात; कठीणपणाला दोन्हींचा उपयोग नाही. त्यावर 1841 मध्ये थॉमस क्लार्क यांनी चुन्याचाच उतारा शोधला: मोजका विरलेला चुना घातला की बायकार्बोनेटचे पुन्हा कार्बोनेट होऊन ते तळाशी बसते. आज घरोघरी आयन-विनिमय किंवा आरओ यंत्रे आली आहेत.

भारतीय मानकानुसार (आयएस 10500, 2012) कठीणपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो. आरओ यंत्र बरेच पाणी वाया घालवते, तेव्हा ते घेण्यापूर्वी प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे.