घाम मुरू द्या

जेऊर स्टेशनवरून पहाटेची गाडी गेली की आमचा भाचा बूट घालून सडकेला लागतो. पोलीस भरतीची तयारी चालली आहे. मुलांना १६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८०० मीटर, आणि सेकंदा-सेकंदावर गुण जातात. गेल्या महिन्यात त्याने मला फोनवर एक चित्र दाखवले : काळी, अंगाला चिकटून बसणारी विजार. म्हणाला, ''मामू, पळून आल्यावर ही घालून झोपलं, की दुसऱ्या दिवशी पाय धरत नाहीत म्हणे.'' किंमत त्याच्या आईच्या आठ दिवसांच्या खुरपणीएवढी. मी पडलो कवी. कुणी काही विचारले की आधी शब्दांत शिरतो. या वेळीही तेच झाले.

कुस्ती हा शब्द फारसीतून आला. पारशी मंडळी कमरेला जो पवित्र पट्टा बांधतात त्याचेही नाव कुस्तीच, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळाचे असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे या खेळाच्या नावातच कमरेचे वस्त्र आहे. आपला 'वस्ताद' हा मूळचा उस्ताद, आणि तालीम म्हणजे अरबीत शिक्षण. लंगोट मात्र अस्सल इथला. तो कसायचा तो मेहनतीआधी. मेहनत झाल्यावरचे वस्त्र वेगळे, आणि ते इतके साधे की त्याचा इतिहास कुणी लिहिला नाही.

आमच्या लहानपणी तालमीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून मळलेली तांबडी माती असायची. जोर-बैठका आणि लढती संपल्या की वस्ताद लगेच आंघोळीला सोडत नसत. अंगावर माती चोळायची, वर घोंगडी घ्यायची आणि भिंतीला टेकून बसायचे. ''घाम मुरू द्या,'' एवढेच ते म्हणत. धनगरांनी विणलेली ती काळी घोंगडी भर घामात अशी टोचायची की विचारू नका! पण अंगाला एकदम गार वारा लागत नसे. आणि खरी गंमत अशी, की घोंगडीत गुरफटलेल्या पोराला बसण्यावाचून दुसरे काही करताच येत नाही. सक्तीची विश्रांतीच ती.

आवळून बांधण्याची कथा निराळी आहे आणि तीही आपल्याच मुलखातून जाते. हिमालयाच्या पायथ्याचे लोक चढ-उतारासाठी पोटऱ्यांना कापडाची लांब पट्टी गुंडाळत. इंग्रजांनी ती आपल्या फौजेत घेतली आणि 'पट्टी' हा शब्दही इंग्रजीत नेला. पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांच्या पायांना ती होती. लांबच्या कूचीत पोटऱ्यांना आधार मिळतो, अशी समजूत होती. पण १९१४च्या हिवाळ्यात खंदकांच्या चिखलात पाय सडू लागले, तेव्हा थंडी आणि ओल यांच्याबरोबर घट्ट बूट आणि घट्ट पट्ट्या यांनाही दोष दिला गेला. भिजलेली पट्टी आवळली की रक्त पुढे सरकेना.

किती आवळायचे हाच खरा प्रश्न होता. रबराच्या धाग्यांचे ताणले जाणारे मोजे इंग्लंडमध्ये १८४८ सालीच निघाले होते, पण ते आजारी पायांसाठी. पुढे अमेरिकेत कॉनराड जॉब्स्ट नावाच्या जर्मन वंशाच्या अभियंत्याला पायांच्या शिरांचा विकार झाला. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की त्याला बरे वाटे. त्याने विचार केला : पाणी जितके खोल तितका दाब जास्त. मग घोट्याशी घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा त्याने बनवला आणि १९५०च्या सुमारास त्याचा कारखाना काढला. १९५८ मध्ये जोसेफ शायव्हर्स यांनी स्पँडेक्स हा लवचिक धागा शोधला. दवाखान्यातला मोजा मैदानावर आला तो या धाग्यावरून.

आता तो उपयोगी पडतो का? पाय दुखतात ते लॅक्टिक आम्लामुळे, असे आजही सांगितले जाते. ते आम्ल तर तासाभरात निघून जाते. दुखणे वाढते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. स्नायूंत बारीक इजा होत असावी, हे थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच मांडले होते. घट्ट कपड्यांवर बऱ्याच चाचण्या झाल्या. त्यांतून निघते ते एवढे, की दुखणे थोडे कमी जाणवते. पण त्यातले किती कापडाचे आणि किती मनाचे, हे वेगळे काढणे अवघड, कारण घट्ट विजार घातली आहे हे घालणाऱ्याला कळतेच. त्याच्यापासून लपवायचे कसे? झोप आणि पोटभर अन्न यांची बरोबरी ही विजार करत नाही, हे मात्र मी ठामपणे म्हणेन. दुधाला आणि अंड्यांना पैसे लागतात, हेही खरेच.

हे सगळे मी भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ''मग मामू, घेऊ का नको?''

मी म्हणालो, दहाला फोन बंद करून झोप. पळून आल्यावर अंग निवेपर्यंत चादर घेऊन बस. त्यातूनही पैसे उरले तर विजार राहू दे, नुसते पोटरीचे मोजे घे, आणि बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काढ. तो मान हलवत गेला. संध्याकाळी बहीण घरी आली. पदराची गाठ सोडून तिने पैसे माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, ''भाईजान, फोनवरून मागवायचं कसं, ते तेवढं बघ.''