एका साडीचे वीस लंगोट



नातीचे बारसे झाले आणि पाहुणे गेल्यावर सून म्हणाली, "आई, डायपरचा खर्च जरा मांडून बघू या का?" बी.कॉम. होऊन चाळीस वर्षे झाली, तरी जमा-खर्च म्हटले की माझा हात वहीकडे जातो. दिवसाला सहा डायपर, एक दहा रुपयांचा धरला तर दिवसाचे ६०, वर्षाचे २१,९०० रुपये. दोघीही गप्पच बसलो.

मग मी ट्रंकेतून माझी जुनी मऊ सुती साडी काढली. साडेपाच मीटर लांब, एक मीटर दहा सेंटीमीटर रुंद. ५५ सेंटीमीटरचे चौकोन कापले की बरोबर वीस लंगोट होतात. आमच्या सासूबाई हे मोजमाप न करता, नुसत्या वितीने करत. उरलेल्या धडप्यांची दुपटी, टोपडी, आणि अगदी विरलेल्या कापडाची वाकळ. बाळाच्या अंगाला नवे कापड लावायचे नाही, कारण ते खरखरीत असते. काटकसर आणि माया एकाच टाक्यात शिवली जायची.

आपल्या लंगोटाला नाडी असायची. तिकडे पाश्चात्त्य देशांत पिन आली. वॉल्टर हंट या न्यूयॉर्कच्या माणसाने १८४९ साली सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि ते अवघ्या ४०० डॉलरला विकून टाकले. पुढचा बदल एका आईने घरातच केला. मॅरियन डोनोव्हन या अमेरिकन बाईने १९४६ साली न्हाणीघराचा पडदा कापून लंगोटावर घालायचे, ओल बाहेर न येऊ देणारे आवरण शिवले. कारखानदारांनी नाके मुरडली, तेव्हा तिने ते स्वतःच न्यूयॉर्कच्या दुकानात विकायला ठेवले. १९५१ साली तिला पेटंट मिळाले. पुढे व्हिक्टर मिल्स नावाच्या आजोबांना नातवंडाचे लंगोट बदलण्याचा कंटाळा आला आणि त्यांच्या कंपनीने १९६१ साली पॅम्पर्स बाजारात आणले. म्हणजे ज्याला आपण आज कंपनीचा माल म्हणतो, त्याचीही सुरुवात घरच्या कात्रीनेच झाली.

आता गुटीकडे वळते. मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, खारीक, बदाम. सहाणेवर एकेकाचे मोजके वेढे. कंदमूळ न खाणाऱ्या आपल्या घरांतही वाळलेली सुंठ आणि हळद चालते, म्हणून गुटीला अडचण नव्हती. अडचण होती ती मधाची. शेजारच्या घरी बाळाला सोने उगाळून मधाचे बोट चाटवत. आपल्याकडे मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग, त्यामुळे आमच्या सासूबाई आईच्या दुधातच गुटी उगाळत. "तुमच्या बाळाला मधाचे बोटसुद्धा नाही?" असे कुणी म्हटले की मला वाईट वाटायचे.

१९७६ साली अमेरिकेत डॉक्टरांनी तान्ह्या बाळांना होणारा बॉट्युलिझम नावाचा आजार प्रथम ओळखला. मधातून त्याचे जंतू बाळाच्या पोटात जाऊ शकतात. म्हणून एक वर्षापर्यंत मध देऊ नये, असे आज सगळे डॉक्टर सांगतात. आपल्या पूर्वजांना हे जंतू ठाऊक होते, असे मी म्हणणार नाही. त्यांनी मधमाशीचा विचार केला होता. पण त्या विचाराने आपली बाळेही वाचली, एवढे खरे.

ग्राइप वॉटरचीही अशीच गंमत. १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी ते तयार केले, आणि त्या मूळ कृतीत मद्यार्क होता! म्हणून बाटली आणाल तेव्हा लेबल जरूर वाचा. गुटीचेही तसेच: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असे आता डॉक्टर सांगतात. सुनेने गुटी नको म्हटले, तेव्हा मी सहाण मुकाट्याने माळ्यावर ठेवली.

मुकाट्याने, कारण माझ्या वहीत एक चुकीची नोंद आहे. थोरल्याच्या वेळी मला दूध कमी होते. पावडरचा डबा महाग. महिनाअखेरीपर्यंत पुरावा म्हणून मी चमचा कमी आणि पाणी जास्त घालू लागले. घरात कुणाला सांगितले नाही, उलट वाचवलेले पैसे मनात मोजत होते. दोन महिन्यांनी वजन केले, तर काटा जवळपास हललाच नव्हता. डॉक्टरांनी विचारल्यावर मी खाली मान घालून सगळे सांगितले. मुलगा सावरला, पण ती बचत मी आजही खर्चाच्या बाजूला लिहिते.

मी एकटी नव्हते, हे नंतर वाचनात आले. हेन्री नेस्ले यांनी १८६७ साली दूध, गव्हाचे पीठ आणि साखर यांचे बालान्न विकायला काढले. त्यानंतर शंभर वर्षांत डबा गरीब देशांत पोहोचला, आणि परवडत नाही म्हणून आया पाणी वाढवू लागल्या. पाणीही स्वच्छ नसे. त्यावरून १९७७ साली अमेरिकेत बहिष्काराची चळवळ झाली, १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने नियमावली केली, आणि आपल्याकडे १९९२ साली कायदा होऊन अशा डब्यांच्या जाहिरातींवर बंदी आली.

म्हणून मैत्रिणींनो, माझा ताळेबंद असा. लंगोट, दुपटी, टोपडी घरी शिवा. दिवसा लंगोट, रात्री आणि प्रवासात डायपर, असे आम्ही ठरवले आणि खर्च निम्म्याहून कमी झाला. पण लंगोट धुणाऱ्या हातांची मजुरी वहीत कधीच येत नाही. ती सगळी सुनेच्या खात्यावर टाकू नका. आमच्याकडे सकाळची बादली मुलाची, संध्याकाळची माझी. काजळ घरचे असले तरी डोळ्यांत घालू नका. आणि बाळाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीत काटकसर नको. आईचे दूध फुकट आहे, ते मिळत असेल तर त्याहून मोठी बचत नाही. मिळत नसेल, तर डॉक्टरांना विचारून, डब्यावर लिहिलेल्या मापानेच दूध करा.

साडीचे वीस लंगोट दोरीवर वाळत आहेत. एकावर अजून जुनी काठाची रेघ दिसते.

जय जिनेंद्र.