ओळंबा आणि उपग्रह

वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाट येथें विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणीदाराचें थडगें आहे. इ. स. १८०२ च्या एप्रिलांत मद्रासेजवळ सुमारें साडेसात मैलांची पायारेषा सांखळीनें मोजून तो निघाला. त्रिकोणाला त्रिकोण जोडीत उत्तरेकडे सरकला, आणि १८२३ च्या जानेवारींत येथें त्याचा देह पडला. त्या मोजणीवर उभ्या राहिलेल्या जुन्या नकाशांतून या गांवचे अक्षांश-रेखांश काढून ते कोणी खिशांतील जीपीएस यंत्राला सांगितले, तर तें त्याला इष्ट जागेपासून शंभराहून अधिक मीटर दूर नेऊन उभें करील. हें अंतर आलें कोठून?

श्रोतेहो, अक्षांश-रेखांश जमिनीवर कोरलेले नसतात. पृथ्वी ओबडधोबड, म्हणून गणिती प्रथम ध्रुवांशीं चपटा असा एक गुळगुळीत गोल कल्पितो व आंकडे त्यावर लिहितो. लॅम्बटनच्या मागून आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टनें १८३० सालीं ठरविलेल्या गोलाची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर होती, आणि तो मध्य हिंदुस्थानांत कल्याणपूर येथें जणूं टांचून बसविला होता. हिंदुस्थानच्या अंगास हा अंगरखा उत्तम बसला. इतर देशांनीं आपापले निराळे शिवले.

शिवतांना हातांत होता ओळंबा. ताऱ्यांचा वेध घेणारा खालची दिशा ओळंब्यालाच विचारतो, आणि ओळंबा पुरता प्रामाणिक नाहीं. कल्याणपूर व उत्तरेकडील कलियाना यांमधील अंतर ताऱ्यांवरून एक निघालें, त्रिकोणांवरून दुसरें, फरक ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारें १६० मीटरांचा. हिमालय ओळंब्याला ओढीत असेल, असें धरून कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनीं गणित केलें, तों ओढ तिपटीनें अधिक यावयास हवी होती! १८५५ सालीं एअरीनें सुचविलें कीं, पर्वताखालीं हलक्या द्रव्याचें मूळ खोल बुडालेलें असावें. ओळंब्याच्या या लबाडींतून भूगर्भशास्त्राला एवढें सत्य सांपडावें, हें मला साऱ्या मोजणीहून नवलाचें वाटतें.

उपग्रह ओळंब्याला विचारीत नाहींत. ते पृथ्वीच्या गुरुत्वमध्याभोंवतीं फिरतात. म्हणून जीपीएसचा गोल, ज्याला 'डब्ल्यूजीएस ८४' म्हणतात, त्या मध्यावरच बसविला आहे. त्याची त्रिज्या एव्हरेस्टच्या गोलाहून ८६१ मीटर अधिक. शिवाय एव्हरेस्टच्या गोलाचा मध्य कित्येक शें मीटर बाजूला. खुद्द ग्रीनिच येथें एअरीच्याच दुर्बिणीच्या रेषेवर उभें राहिलें, तरी यंत्र शून्य दाखवीत नाहीं. त्याचें शून्य १०२ मीटर पूर्वेस आहे. तेथेंहि कारण ओळंब्याचा कल हेंच.

भारत सरकारच्या २००५ च्या नकाशा-धोरणानें सर्वांसाठीं निघणारे नकाशे नव्या गोलावर आणले. जुने कागद मात्र ग्रंथालयांत आणि गिर्यारोहकांच्या पिशव्यांत अजून आहेत. अशा कागदावरून रात्रीं डोंगरांत कोणाचा शोध घ्यावयाचा असेल, तर दीडशें मीटर म्हणजे कड्याची ही बाजू कीं ती, एवढा प्रश्न असतो. तेव्हां आंकडे भरण्यापूर्वीं नकाशाच्या कडेला कोणत्या गोलाचें नांव छापलें आहे तें पाहावें. एव्हरेस्टचें असेल, तर पुष्कळ यंत्रांना तसें सांगतां येतें.