ज्याची सायकल, त्याचे पंक्चर

आमच्या शिंदखेड्याकडे सायकल ही कधी हौसेची वस्तू नव्हती. ती घरातले एक कमावते माणूस होती. दुधाच्या चरव्या, कापसाचे गाठोडे, स्टेशनावर उतरलेला पाहुणा, सारे तिच्याच पाठीवर. 1976 च्या दिवाळीत मी शाळकरी पोर होतो. आबांची काळी सायकल घेऊन फराळाचा डबा पोचवायला विरदेलच्या वाटेने निघालो आणि अर्ध्या वाटेत बाभळीच्या काट्याने दावा साधला. सायकल ढकलीत, रडकुंडीला येऊन मी घरी परतलो. आबा रागावले नाहीत. पाण्याचे घमेले, काचकागद, ठिगळ आणि सोल्यूशनची नळी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि अहिराणीत एवढेच म्हणाले, "सायकल तुनी, पंक्चर बी तुनंच."

हे वाक्य एका जागतिक शर्यतीच्या इतिहासाचे सार आहे, हे मला फार पुढे कळले.

योगायोग असा की, त्याच दिवाळीच्या दिवसांत, 21 ऑक्टोबर 1976 रोजी, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात फेअरफॅक्स गावाजवळच्या एका डोंगरावर काही तरुण जमले होते. त्यांच्या सायकली 1930-40 च्या काळातल्या, जाड टायरच्या, जड आणि मोडीत काढलेल्या. सुमारे 2 मैलांत 1,300 फूट उतरणारी कच्ची वाट, आणि कोण लवकर खाली पोचतो याची पैज. पेडल उलटे दाबले की ब्रेक लागायचा. खाली येईपर्यंत तो इतका तापे की, आतले ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीपूर्वी चाकाचा तुंबा उघडून नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरूनच त्या वाटेला 'रिपॅक' हे नाव पडले. म्हणजे या खेळाचे बारसे झाले ते दुरुस्तीवरून! चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ ही या मंडळींतली पुढे गाजलेली नावे. 1977 मध्ये ब्रीझने खास डोंगरासाठी नवा सांगाडा घडविला आणि भंगारातल्या सायकलीला घरंदाज वंशज लाभला.

नुसत्या उतारावरची ही गंमत हळूहळू चढ, उतार, चिखल, खडक अशा सगळ्यांतून जाणारी 'क्रॉस-कंट्री' शर्यत झाली. 1990 मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे पहिले अधिकृत जागतिक अजिंक्यपद झाले. पुरुषांत नेड ओव्हरेंड जिंकला, तेव्हा त्याचे वय 35 होते. स्त्रियांत ज्युली फुर्टाडो. 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीला मानाचे पान मिळाले आणि हॉलंडचा बार्ट ब्रेंटयेन्स व इटलीची पाओला पेझ्झो पहिले विजेते ठरले. त्या काळी नियम कडक होता. वाटेत काही मोडले तर स्वाराने स्वतःच दुरुस्त करायचे. बाहेरच्याचा हात लागता कामा नये. आबांना तो नियम नक्की आवडला असता.

पुढे 2005 च्या सुमारास नियम सैल झाला. आता वाटेत ठराविक ठिकाणी मदतनीस उभे असतात आणि चाक बदलून देतात. हे वाचले तेव्हा मी जरा हिरमुसलो होतो. पण नियमाचा गाभा अजून शाबूत आहे. दुसरी सायकल घेता येत नाही, आणि त्या ठिकाणापर्यंत आपली सायकल आपणच न्यायची; वेळ पडली तर खांद्यावर.

त्याचा अर्थ 29 जुलै 2024 रोजी पॅरिसच्या ऑलिम्पिकमध्ये दिसला. राडारोडा टाकून उंच झालेल्या एलांकूरच्या टेकडीवर 8 फेऱ्यांची शर्यत होती. इंग्लंडचा टॉम पिडकॉक, टोकियोचा विजेता, चौथ्या फेरीत पंक्चर झाला. बसक्या चाकावर तो मदतीच्या जागेपर्यंत आला. चाक बदलण्यात सुमारे 40 सेकंद गेले आणि तो नवव्या क्रमांकावर फेकला गेला. उरलेल्या फेऱ्यांत एकेकाला गाठीत त्याने अखेर फ्रान्सच्या कोरेत्झ्कीला 9 सेकंदांनी मागे टाकले. चाक दुसऱ्याने बदलले हे खरे. पण गेलेली सेकंदे भरून काढायला दुसरा कोणी आला नव्हता.

ऑलिम्पिकच्या या शर्यतीत पॅरिसपर्यंत एकही भारतीय उतरलेला नाही. मात्र ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई अजिंक्यपद केरळातल्या पोनमुडीच्या डोंगरावर झाले, आणि आपल्या संगमनेरच्या प्रणिता सोमणसारख्या मुलीने राष्ट्रीय स्पर्धांत महाराष्ट्राला पदके मिळवून दिली आहेत. खडक, काटे आणि चाकाला चिकटणारी काळी माती यांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती पोरांच्या हाती सायकल देऊन तिची जबाबदारीही देणाऱ्यांची.

यंदा पाडव्याला नातवासाठी गिअरची सायकल घेतली आहे. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही. आबांनी तिला सायकल म्हटले असते की नाही, शंकाच आहे. तिच्याबरोबर मी ठिगळांची डबी आणि एक छोटा पंप देणार आहे. पोर विचारील, हे कशाला? उत्तर माझ्यापाशी तयार आहे, आणि ते अहिराणीतच आहे.