मत पोहोचायच्या आत

अमेरिकेत मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी मेमोरियल डे येतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे. मधले तीन-सव्वातीन महिने हा तिथल्या सिनेधंद्याचा सुगीचा काळ. शाळा बंद, दिवस मोठा, बाहेर ऊन. या दिवसांत थिएटरात येणारा माणूस बहुधा सिनेमाचा वेडा नसतो. वर्षाकाठी चार-पाच सिनेमे बघणारा, परीक्षणं न वाचणारा, दिग्दर्शकाचं नाव विचारलं तर डोकं खाजवणारा असा तो असतो. बाहेर पडताना ‘ठीक होता’, ‘उगाच ताणलाय’, ‘पोरांना घेऊन जा, पैसे वसूल’ एवढंच बोलतो. हे मत कुठे छापून येत नाही, पुरस्कार देणाऱ्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. तरीही गेल्या पन्नास वर्षांतली हॉलिवूडची सगळी उन्हाळी व्यवस्था या एका मताच्या धास्तीने उभी राहिलेली दिसते. ते विकत घेता येत नाही की दडपता येत नाही. फार तर ते शेजाऱ्याच्या कानावर जायच्या आत शेजाऱ्याचं तिकीट फाडून घेता येतं. उन्हाळी सिनेमाचा इतिहास हा या घाईचा इतिहास आहे, असं माझं म्हणणं आहे.

मुळात उन्हाळा हा धंद्याचा मोसमच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंदिस्त थिएटरात जून-जुलैमध्ये बसणं म्हणजे शिक्षा होती, आणि अनेक मालक त्या महिन्यांत सरळ टाळं लावत. शिकागोतल्या सेंट्रल पार्क थिएटरने १९१७ साली गार हवेची यंत्रणा बसवली. १९२५च्या मेमोरियल डेला न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरजवळच्या रिव्होलीत विलिस कॅरिअर यांच्या कंपनीची यंत्रणा सुरू झाली. त्या दिवशी पॅरामाउंटचे अडॉल्फ झुकर मुद्दाम बघायला आले होते. खेळ सुरू झाला तेव्हा प्रेक्षक हातपंखे हलवत होते. हवा गार होत गेली तसे पंखे एकेक करून मांडीवर आले. त्यानंतर लोक उन्हाळ्यातही थिएटरात येऊ लागले, पण गारव्यासाठी. पडद्यावर काय आहे हा प्रश्न दुय्यम होता. हा चोखंदळ नसलेला प्रेक्षक म्हणूनच उन्हाळ्याच्या वाट्याला आला, आणि स्टुडिओ आपले प्रतिष्ठेचे सिनेमे हिवाळ्यासाठी राखून ठेवत राहिले. पुढे मोटारीत बसून बघायची ड्राइव्ह-इन थिएटरं आली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांची संख्या चार हजारांवर गेली. तिथेही साधारण हाच हिशेब होता.

त्या काळात सिनेमा सावकाश प्रवास करायचा. आधी मोठ्या शहरांतल्या निवडक थिएटरांत, मग उपनगरांत, मग लहान गावांत. आपल्याकडेही मुंबई-पुण्याहून निघालेली रिळं तालुक्याच्या गावी आणि जत्रेतल्या तंबूत पोहोचेपर्यंत बराच काळ जाई, आणि सिनेमा चांगला की वाईट हे गावाला रिळांच्या आधी कळलेलं असे. माउथ पब्लिसिटी हा जाहिरातीचा पर्याय नव्हता, तीच मुख्य जाहिरात होती. निर्मात्याने कितीही ढोल बडवले तरी सिनेमा पुढच्या गावी जायच्या आधी मागच्या गावाचा निकाल तिथे पोहोचलेला असायचा.

ही रीत ‘जॉज’ने मोडली, असं सर्रास सांगितलं जातं. २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पीलबर्गचा हा शार्कपट अमेरिकेतल्या ४०९ थिएटरांत एकदम लागला. आधीचे तीन दिवस दूरचित्रवाणीवर ऐन गर्दीच्या वेळी जाहिरातींचा मारा झाला; त्यावर सुमारे सात लाख डॉलर खर्ची पडले. सप्टेंबरपर्यंत त्याने ‘द गॉडफादर’चा विक्रम मागे टाकला. तेव्हापासून उन्हाळी सिनेमा म्हणजे एकाच वेळी सगळीकडे आणि आधी गाजावाजा, हे समीकरण रूढ झालं, असा हा सर्वमान्य वृत्तांत. मला तो अर्धाच पटतो. एकदम अनेक ठिकाणी सिनेमा लावायची युक्ती जुनीच होती, आणि ती मुख्यतः ज्यांच्या मालावर भरवसा नाही असे लोक वापरत: बदनामी पसरायच्या आत पैसे गोळा करून पुढच्या गावी निघायचं. ‘जॉज’ची गोष्ट वेगळी होती. युनिव्हर्सलचे सर्वेसर्वा ल्यू वॉसरमन यांनी थिएटरांची मूळ ठरलेली संख्या उलट कमी करायला लावली. प्रत्येक थिएटरबाहेर रांग दिसली पाहिजे, आणि सिनेमा उन्हाळाभर चालला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. जुलैअखेर ही संख्या पावणेसातशेच्या आसपास गेली, ऑगस्टमध्ये साडेनऊशेच्या. म्हणजे ज्या सिनेमाने सामान्य प्रेक्षकाचं मत निकालात काढलं असं म्हणतात, त्यानेच त्या मतासाठी जागा मोकळी ठेवली होती. दोन वर्षांनी, २५ मे १९७७ रोजी ‘स्टार वॉर्स’ तर अवघ्या ३२ थिएटरांत सुरू झाला, आणि पुढचं काम बघून आलेल्यांनी केलं.

पण धंद्याने या दोघांकडून जो धडा घेतला तो सोयीचा तेवढाच घेतला. त्यामागे करारातलं एक कलम आहे, ज्याची चर्चा तारे-तारकांच्या बातम्यांत कधी होत नाही. स्टुडिओ आणि थिएटरमालक यांच्यात तिकिटांच्या गल्ल्याची जी वाटणी होई ती आठवड्यागणिक बदले. पहिल्या आठवड्यात सिंहाचा वाटा स्टुडिओचा. जसजसे आठवडे सरत तसतसा थिएटरवाल्याचा हिस्सा वाढे. तो बिचारा मुख्यतः पॉपकॉर्न आणि कोल्ड्रिंकवर जगणारा. त्याला सिनेमा दहा आठवडे टिकलेला हवा. स्टुडिओला मात्र पहिल्या तीन दिवसांत जमेल तेवढं हवं. दहाव्या आठवड्यापर्यंत सिनेमा टिकवतं ते सामान्य प्रेक्षकाचं मत; पहिले तीन दिवस भरते ती जाहिरात. कुणाला कशात रस असणार हे वेगळं सांगायला नको. १९८९च्या ‘बॅटमॅन’ने पहिल्या शुक्रवार ते रविवारात चार कोटी डॉलर पार केले, आणि २००२च्या मे महिन्यात ‘स्पायडरमॅन’ने तेवढ्याच दिवसांत ११ कोटी ४८ लाख. सोमवारच्या वर्तमानपत्रांत सिनेमा कसा आहे याऐवजी त्याने किती कमावले हीच बातमी होऊ लागली.

याच काळात ते मत मोजायची सोयही झाली, हा योगायोग नव्हे. एड मिन्झ नावाचे गृहस्थ १९७८ साली ‘द चीप डिटेक्टिव्ह’ बघून वैतागले. परीक्षकांपेक्षा आपल्यासारख्यांना काय वाटलं ते का कुणी सांगत नाही, हा त्यांचा प्रश्न होता. ज्यूंच्या योम किप्पूर सणाला देणगीसाठी वाटलेलं एक कार्ड त्यांच्या पाहण्यात आलं. कार्डाच्या कडेला छिद्रांच्या रेघांनी तोडलेले कान होते. हवा तो कान दुमडला की झालं, पेन-पेन्सिल लागत नाही. त्यातून सिनेमास्कोअर ही पाहणी निघाली. पहिल्या रात्री काही शहरांतल्या थिएटरांच्या दारात ही कार्डं वाटायची. वय, स्त्री की पुरुष, का आलात, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखी ए ते एफ अशी श्रेणी. घोळक्याने, अंधारातून उजेडात डोळे मिचकावत आलेला माणूस दोन कान दुमडून निघून जातो, आणि ‘ठीक होता’ या शेऱ्याचा आकडा होतो. ही कार्डं तिकीट काढून आपणहून आलेल्यांनाच मिळतात, म्हणून श्रेणी मुळातच उदार असतात. तिथे ‘बी’ मिळणं हे कौतुक नव्हे, धोक्याची सूचना आहे.

यावर हटकून येणारा आक्षेप असा की जाहिरातीच्या महापुरात या ‘बी’ला किंमत किती? २० जून २००३ रोजी, ‘जॉज’ला बरोबर २८ वर्षं झाली त्या दिवशी, युनिव्हर्सलचाच ‘हल्क’ लागला. पहिल्या तीन दिवसांत त्याने सहा कोटी २१ लाख डॉलर कमावले. कार्डांवर श्रेणी आली ‘बी उणे’. पुढच्या शनिवार-रविवारी गल्ला जवळपास ७० टक्क्यांनी घसरला. कुणी म्हणेल, कॉमिकचे भक्त पहिल्याच दिवशी येऊन जातात, मग घसरण होणारच. त्यात मताचा काय संबंध? पण वर्षभर आधीचा ‘स्पायडरमॅन’ही कॉमिकच, भक्तही त्याच जातीचे, सुरुवात तर जवळजवळ दुप्पट, त्याची घसरण मात्र ३८ टक्क्यांच्या आसपास राहिली. फरक बघून आलेल्यांच्या बोलण्यात होता. त्याच २००२ साली ‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ हा सुमारे ५० लाख डॉलरचा घरगुती सिनेमा एप्रिलमध्ये १०८ थिएटरांत लागला, उन्हाळाभर एकीने दुसरीला सांगत वाढला आणि २४ कोटींवर गेला. एकाही आठवड्यात तो पहिल्या क्रमांकावर नव्हता. २००३च्या उन्हाळ्यात मिरामॅक्सच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने उघडपणे सांगितलं की पूर्वी जाहिरातीच्या जोरावर पहिल्या आठवड्याचा गल्ला विकत घेता येई, कारण वाईट बोभाटा पसरायला वेळ लागे. आता पोरं थिएटरातूनच मोबाइलवर संदेश पाठवतात. इतकी स्वच्छ कबुली या धंद्यात क्वचित मिळते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सामान्य प्रेक्षक चुकतो. २५ जून १९८२ रोजी ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ एकाच दिवशी लागले आणि दोन्ही पडले. त्याआधी दोन आठवडे लागलेला ‘ई.टी.’ मात्र घराघरांत पोहोचला. आज पहिल्या दोघांचा अभ्यास विद्यापीठांतून होतो. मग त्या उन्हाळ्याचं मत खोटं ठरलं का? मला तसं वाटत नाही. त्या माणसाला कुणी कलाकृतीचं मूल्य विचारलंच नव्हतं. आज संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन जावं का, एवढाच प्रश्न होता, आणि भिजट अंधारातला खिन्न ‘ब्लेड रनर’ त्या प्रश्नाचं उत्तर नव्हताच. तो सिनेमा नंतर वाचवला तो व्हिडिओ कॅसेटवर परत परत बघणाऱ्यांनी, म्हणजे दुसऱ्या एका प्रेक्षकाने, दुसऱ्या वेळी. दोन निकाल वेगळ्या खटल्यांचे आहेत. उलट ‘ई.टी.’चा गल्ला पहिल्या आठवड्यानंतर उतरण्याऐवजी चढला. तो जाहिरातीचा पराक्रम नव्हता.

आपल्याकडे २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ लागला तेव्हा सुट्या होत्या आणि गाणी आधीच गाजली होती. पण काही गावांत मध्यरात्रीचे खेळ लावायची वेळ आली ती आधीच्या खेळातून बाहेर पडलेल्यांमुळे. हॉलिवूडमध्ये मात्र दर काही वर्षांनी निरोप्यालाच झोडपायची प्रथा आहे. २००३मध्ये मोबाइल, २०१७च्या उन्हाळ्यात ‘बेवॉच’सारखे सिनेमे आपटले तेव्हा परीक्षणांचे टक्के देणारं रॉटन टोमॅटोज. कोविडनंतर थिएटर आणि घर यांमधलं तीन महिन्यांचं अंतर दीड महिन्यावर, कधी त्याहूनही कमीवर आलं, आणि प्रेक्षकाच्या हाती एक नवा शेरा आला: ‘घरी आल्यावर बघू.’ जून २०२३मध्ये ‘द फ्लॅश’ला तो बसला. दुसऱ्या आठवड्यात गल्ला ७० टक्क्यांहून अधिक घसरला आणि महिन्याभरात सिनेमा घरच्या पडद्यावर आला. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ‘टॉप गन: मॅव्हरिक’ची दुसऱ्या आठवड्यातली घसरण ३० टक्क्यांच्याही आत होती. पॅरामाउंटने तो मेपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत घरी बघायला दिलाच नाही. वॉसरमन यांनी १९७५ साली थिएटरं कमी करताना केला होता तोच हिशेब, फक्त आता तो मोजक्याच सिनेमांच्या बाबतीत करायचं धाडस उरलं आहे.