सप्रे विरुद्ध खाडिलकर, १९७६

आपल्याकडच्या बुद्धिबळाच्या इतिहासात मला एक डाव फार मोलाचा वाटतो. तेव्हा भारतात ग्रँडमास्टर नव्हताच. पहिला, विश्वनाथन आनंद, १९८८ साली झाला. खेळणारे सगळे हौशी.

रामचंद्र सप्रे हे १९५५ च्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे संयुक्त विजेते. १९७६ च्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांच्यासमोर बसली जेमतेम १२-१३ वर्षांची रोहिणी खाडिलकर. आणि जिंकली!

पुरुषांत मुलगी कशी, म्हणून गदारोळ झाला. प्रकरण हायकोर्टात गेले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्वाळा दिला: स्त्रियांना अडवता येणार नाही.

आपल्या गोव्याची भक्ती कुलकर्णी खुल्या स्पर्धांत पुरुषांशी खेळते, त्याचे आता कोणाला नवल वाटत नाही. ते नवल सरावे म्हणून एका शाळकरी मुलीचा खेळ कोर्टात न्यावा लागला होता.